बोटांचे पांडित्य

गाणे संपल्यावर श्रोत्याच्या तोंडून दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक, ‘काय वाजवतात!’, आणि दुसरा, ‘काय गाणे आहे!’. हे दोन्ही उद्गार एकाच वेळी निघावेत अशी ज्या संगीतप्रकाराची मूळ प्रतिज्ञा होती, त्या प्रोग्रेसिव्ह मेटलच्या वाट्याला गेली पंधरा-वीस वर्षे पहिला उद्गार उदंड येतो आहे आणि दुसरा दुर्मिळ होत चालला आहे. या प्रकाराचे चाहते ते मान्य करीत नाहीत, आणि विरोधक मान्य करतात ते चुकीच्या कारणासाठी. प्रस्तुत लेखाचे भांडण या दोघांशीही आहे.

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९७०च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकने दीर्घ रचना, विषम मात्रांचे ताल आणि संकल्पनेवर बेतलेले अल्बम रूढ केले. १९८०च्या दशकात फेट्स वॉर्निंग, क्वीन्सराइक, वॉचटॉवर अशा अमेरिकी वाद्यवृंदांनी हा वारसा हेवी मेटलच्या आक्रमक नादाशी जोडला. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील जॉन पेट्रुची, जॉन मायुंग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी १९८५ साली जो वृंद स्थापन केला, तो पुढे ‘ड्रीम थिएटर’ या नावाने या प्रकाराचा जवळजवळ समानार्थी शब्द ठरला. या संगीताचा जन्म असा विद्यालयीन आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण विद्यालयात परीक्षा असते, आणि परीक्षकासमोर वाजवण्याची सवय माणसाला जन्मभर सोडत नाही, हेही खरे.

आता पहिले भांडण. विरोधकांचे म्हणणे असे असते की तंत्र वाढले की भावना आटते. वेगाने वाजवणाऱ्याला सांगण्यासारखे काही नसते. गाणे साधे असावे, कारण साधे तेच हृदयाला भिडते. साहित्याच्या अभ्यासकांना या युक्तिवादाचा वास ओळखीचा वाटेल. हा रोमँटिक समीक्षेचा शिळा भात आहे. उत्स्फूर्तता आणि परिश्रम यांत वैर कल्पायचे, आणि मग परिश्रमाचा पुरावा दिसला की भावनेचा अभाव सिद्ध झाला असे समजायचे! या न्यायाने भवभूती बाद व्हावा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावरील चार ओळी श्रेष्ठ ठराव्यात.

प्रत्यक्ष कृती या युक्तिवादाला दाद देत नाहीत. स्वीडनच्या ‘मेशुगा’ या वृंदाचे ‘ब्लीड’ हे गाणे घ्या. २००८ सालच्या ‘ऑबझेन’ या अल्बममधील ही सात मिनिटांची रचना ढोलवादकांच्या जगात दुःसाध्यतेचा मापदंड मानली जाते. टोमास हाके याच्या पायांवर पडणाऱ्या जलद ठोक्यांची एक चिमुकली आकृती तिच्या मुळाशी आहे. ती लांबते, तुटते, सरकते, पण आपली ओळख सोडत नाही. ज्याला नोटेशनचे अक्षर कळत नाही असा श्रोताही दोन वेळा ऐकून ती मेजावर बोटांनी वाजवू पाहतो. त्याला ती जमत नाही हे उघडच आहे, पण आठवते. अवघडपणा आणि स्मरणीयता यांचा झगडा असता, तर हे घडलेच नसते.

दुसरे उदाहरण ‘टूल’ या अमेरिकी वृंदाच्या ‘लॅटरॅलस’चे. २००१ सालच्या या गाण्यात गायक मेनार्ड जेम्स कीनन याने शब्दांतील अवयव १, १, २, ३, ५, ८ आणि मग उलट ५, ३ अशा क्रमाने बांधले आहेत. म्हणजेच ज्या संख्यामालिकेला जग फिबोनाचीची मालिका म्हणते, त्या मालिकेने. गाण्याच्या एका भागात मात्रांची मापे ९, ८, ७ अशी येतात, आणि ९८७ ही संख्याही त्याच मालिकेतली. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. त्याआधीच विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांनी, अमुक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती मांडण्यांनी भरता येईल या प्रश्नाचे उत्तर शोधताना हीच मालिका गाठली होती: एका मात्रेची मांडणी १, दोहोंच्या २, तिहींच्या ३, चोहोंच्या ५, पाचांच्या ८. म्हणजे जी युक्ती ‘थंड गणिती’ म्हणून हिणवली जाते, ती मुळात पद्याच्या मापनातून निघालेली आहे. ‘लॅटरॅलस’ ऐकताना गणित ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही ओळ उमलते आणि मिटते आहे असे जाणवते. गणित श्वासाच्या कामी आले आहे. कौशल्यावर सरसकट आक्षेप घेणाऱ्यांनी या गाण्याचे काय करायचे ते ठरवावे.

मग बिघडले कुठे? येथून चाहत्यांशी भांडण सुरू होते.

चाहत्यांचा युक्तिवाद असा, की स्मरणीयता ही बाजाराची मागणी आहे. गुणगुणता येईल असे धृपद हवे ही आळशी कानाची अपेक्षा. गंभीर संगीताने ती का पुरवावी? या युक्तिवादात एक मूलभूत चूक आहे. स्मरण ही रचनेच्या बाहेरची, श्रोत्याला दिलेली सवलत आहे असे तो गृहीत धरतो. वस्तुतः काळात घडणाऱ्या कोणत्याही कलेत स्मरण हे रचनेचे माध्यमच असते. चित्र एका दृष्टिक्षेपात समोर उभे असते. संगीताचा मागचा क्षण फक्त आठवणीत असतो. तो तेथे नसेल तर पुढचा क्षण कशाशी जोडायचा?

तालाचेच पाहू. तबल्याच्या साथीत सोळा मात्रांचे आवर्तन दोन-तीनदा कानांवरून गेले की समेची अपेक्षा तयार होते. तिहाईची सारी गंमत त्या अपेक्षेवर उभी असते. ती नसेल तर तिहाई म्हणजे एका तुकड्याची तीनदा केलेली पुनरुक्ती. मेशुगाची रचनापद्धती याच जातीच्या जाणिवेवर चालते. झांजेवर चारांची गणना अढळ असते. गिटार आणि पायाचा ढोल विषम लांबीची आकृती त्यावरून फिरवीत राहतात. आणि काही आवर्तनांनंतर दोन्ही एकत्र येऊन पडतात. स्थिर काही आहे म्हणून चळ जाणवतो. याउलट, दर दोन मात्रा-मापांनंतर नवे माप, दर दहा सेकंदांनी नवा रिफ, दर अर्ध्या मिनिटाला नवी गती अशी रचना असेल, तर श्रोत्याला बदल जाणवतच नाही. कारण बदल होण्यासाठी आधी काहीतरी प्रस्थापित व्हावे लागते. कागदावर अशी रचना विलक्षण गुंतागुंतीची दिसते. कानात ती सपाट असते. ज्या गुंतागुंतीची आठवण राहत नाही ती गुंतागुंत श्रोत्यापर्यंत पोहोचलेलीच नसते, ती फक्त वादकाच्या बोटांत घडून गेलेली असते.

येथे चाहते ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ हे हुकमाचे पान काढतील, म्हणून ते आपणच काढू. ड्रीम थिएटरच्या १९९९ सालच्या ‘मेट्रोपोलिस पार्ट टू: सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बममधील सहा मिनिटांची ही वाद्यरचना. तीत शंभराहून अधिक वेळा मात्रांचे माप बदलते, आणि मध्येच जॉर्डन रुडेस पियानोवर रॅगटाइमचा तुकडा वाजवून जातो. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे ही रचना विसरली जायला हवी होती. ती विसरली गेलेली नाही. का? कारण ती स्मरणावरच उभी आहे. १९९२ सालच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधील ‘मेट्रोपोलिस’च्या पहिल्या भागातील आकृती तीत विरूप होऊन पुन्हा येतात. कथेच्या ओघात ती ‘होम’ आणि ‘वन लास्ट टाइम’ यांच्या मध्ये, म्हणजे ताण आणि निचरा यांच्या सांध्यावर बसवली आहे. तेथे तो गोंधळ काहीतरी सांगतो. पण या रचनेच्या वंशजांनी तिच्यापासून काय घेतले? मापबदलांची संख्या. तिला अल्बममधून, कथेतून, पूर्वस्मृतीतून उपटून काढून व्यायामपाठ म्हणून आंतरजालावर वाजवणाऱ्या पोरांचा दोष नाही. शिकणारा व्यायाम करणारच. दोष आहे तो व्यायामपाठालाच कृती समजून तशा कृती लिहिणाऱ्यांचा.

हे असे का झाले याची काही भौतिक कारणेही आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळून केवळ सौंदर्यशास्त्रात रमणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले कारण रचनेच्या साधनांचे. संगणकावरील ध्वनिमुद्रण आणि गिटारच्या टॅबलेखनाची सॉफ्टवेअरे यांमुळे गाणे तुकड्या-तुकड्यांनी लिहिणे सोपे झाले. चार मापांचा ठोकळा पूर्ण करायचा, त्याला पुढचा ठोकळा जोडायचा. प्रत्येक ठोकळा आपल्या परीने घोटीव असतो. पण ठोकळ्यांच्या रांगेला इमारत म्हणत नाहीत. दुसरे कारण प्रसाराचे. अख्ख्या गाण्याऐवजी त्यातील एखादा दुष्कर भाग वाजवून दाखवणारी चित्रफीत हे प्रसिद्धीचे मुख्य साधन बनले. तीत कॅमेरा बोटांवर असतो. त्यामुळे जे बोटांत दिसते ते लिहिले जाऊ लागले, आणि जे दिसत नाही (थांबणे, परत येणे, वाट पाहायला लावणे) ते मागे पडले. तिसरे कारण पोटाचे. ध्वनिमुद्रणाच्या विक्रीवर वादकाचे भागत नाही. म्हणून तो शिकवण्या करतो, टॅब विकतो, स्वतःच्या नावाची गिटार विकतो. ‘पेरिफरी’ या वृंदाच्या सदस्यांनी तर ढोलांच्या ध्वनिनमुन्यांचा आणि गिटारच्या उपकरणांचा व्यवसायही उभा केला. त्यात गैर काही नाही. कलावंताने उपाशी राहावे असे सांगणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण परिणाम असा होतो की श्रोता हा प्रामुख्याने होतकरू वादक असतो, आणि होतकरू वादकाला ‘हे मला कसे वाजवता येईल?’ हा प्रश्न ‘हे मला का ऐकावेसे वाटते?’ या प्रश्नाहून निकडीचा असतो. कवींनीच कवींसाठी लिहिलेल्या कवितेचे काय होते, हे मराठीच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको.

या दुखण्यावर वृंदांनी शोधलेला उपायही पाहण्यासारखा आहे. गाणे आठवत नाही अशी तक्रार आली, की दोन अवघड परिच्छेदांच्या मध्ये एक गोड, उंच आवाजातले धृपद चिकटवायचे. रिफ ‘कसोटी’साठी, धृपद ‘लोकां’साठी. हे धृपद आठवते, यात शंका नाही. पण त्याच्या अलीकडचे-पलीकडचे काही आठवत नाही, कारण त्यांचा त्याच्याशी संबंध नसतो. साधेपणा हा या रोगावर उतारा नाही, याचा सर्वांत लांबलचक पुरावा स्वतः ड्रीम थिएटरनेच २०१६ साली ‘द अस्टॉनिशिंग’ या अल्बमच्या रूपाने दिला. दोन तासांहून अधिक लांबीचे, चौतीस तुकड्यांचे हे कथाकाव्य. तीत कसरती आवरत्या घेतल्या आहेत आणि भावगीतांची रेलचेल आहे. एवढे करूनही अल्बम संपल्यावर हाती काय उरते? प्रत्येक गीत भावनेच्या शिखरावर उभे असल्याने एकही शिखर वाटत नाही. म्हणजे वेग काढून घेतला तरी रोग राहिलाच. रोग वेगाचा नव्हता. अंगे सुटी असण्याचा होता.

याच वृंदाच्या १९९२ सालच्या ‘पुल मी अंडर’शी हे ताडून पाहावे. आठ मिनिटांहून लांब आणि प्रस्तावना संथपणे उभारणारे हे गाणे एका वाक्याच्या मध्यावर कापल्यासारखे संपते. तो अकस्मात शेवट आपल्याला दचकवतो, कारण तोवरच्या आवर्तनांनी पुढे काय यायचे ते आपल्याला पढवून ठेवलेले असते. या गाण्याने वृंदाला जे लोकप्रिय यश मिळवून दिले ते पुन्हा तसे लाभले नाही. २००८ सालच्या संकलनाला त्यांनी ‘ग्रेटेस्ट हिट’ असे एकवचनी नाव देऊन स्वतःचीच थट्टा केली. विनोद चांगला आहे. मात्र त्या एकवचनाचे कारण केवळ बाजाराच्या लहरीत शोधणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

आपल्या काव्यशास्त्रात हा वाद फार जुना आहे. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात एका व्यंजनावर अख्खा श्लोक तोलून दाखवला, माघाने ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात चहूबाजूंनी सारखाच वाचता येणारा सर्वतोभद्र रचला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने अशा चित्रकाव्याला काव्याची नक्कल म्हटले. तो आनंदवर्धन काही साधेपणाचा पुरस्कर्ता नव्हता. त्याचा आक्षेप एवढाच की येथे शब्दाची करामत स्वतःपाशीच थांबते, पलीकडचे काही सुचवीत नाही. मराठीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिलेले ‘निरोष्ठ रामायण’ त्यांतलेच. ही गोष्ट साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरती ठाऊक असते. त्यातली एक ओळ कोणाला येते का, ते वर्गात विचारून पाहावे. त्याच पंतांची ‘केकावली’ मात्र लोकांच्या जिभेवर राहिली. ती काही सैल नाही. सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्ताची शिस्त तीत पाळलेली आहे. कवी तोच, पांडित्य तेच. एकीकडे ते मोजून घेण्यासाठी मांडले आहे, दुसरीकडे ते विनवणीला जुंपले आहे. म्हणून मोरोपंतांविरुद्ध मोरोपंतांचीच साक्ष काढावी, आणि ड्रीम थिएटरविरुद्ध ड्रीम थिएटरची.

आता एक-दोन आक्षेप. ‘आठवणे ही सवयीची गोष्ट आहे, तुम्ही जुने अल्बम शंभरदा ऐकलेत, नवे दोनदा.’ आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून निकष ‘पहिल्या ऐकण्यात आठवते का?’ असा ठेवू नये. ओपेथच्या २००१ सालच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधील ‘द ड्रेपरी फॉल्स’ हे अकरा मिनिटांचे गाणे पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. पण चार-पाचदा ऐकल्यावर आपण रचनेत कुठे आहोत हे कळू लागते. आणि शेवटी सुरुवातीची धून परतते तेव्हा मधल्या सगळ्या वाटचालीचे ओझे तिच्यावर चढलेले असते. धून तीच, पण ऐकणारा बदललेला. दहाव्या ऐकण्यानंतरही जेथे पाचवे मिनिट आणि दुसरे मिनिट यांची अदलाबदल केली तर कोणाच्या लक्षात येणार नाही, तेथे अकराव्या ऐकण्याची मागणी श्रोत्याकडे करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुःसाध्य गोष्ट सहज होताना पाहण्यात एक विस्मयाचा आनंद असतो, तो तुम्ही का नाकारता? मी तो नाकारीत नाही. अद्भुत हा नऊ रसांतलाच एक. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालते तेव्हा माझाही श्वास अडकतो. पण विस्मयाचे वय फार थोडे असते. आज जी गती अशक्यप्राय वाटते ती पाच वर्षांनी एखादा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत बसून वाजवतो, आणि मग त्या कृतीपाशी सांगायला काही उरत नाही. मेशुगाच्या २००५ सालच्या ‘कॅच थर्टीथ्री’चे उदाहरण येथे निर्णायक वाटते. सत्तेचाळीस मिनिटांच्या या सलग रचनेतील ढोल कोणी वाजवलेलेच नाहीत; ते संगणकावर योजलेले आहेत. अंगमेहनतीच्या विस्मयाला तेथे जागाच नाही, आणि तरीही ती या वृंदाची सर्वांत बांधीव कृतींपैकी एक आहे. कौशल्य तेथेही आहे, पण ते हातापायांतून निघून रचनेत गेले आहे.

तेव्हा माझी मागणी कौशल्य कमी करण्याची नाही. ते आणखी वाढवण्याची आहे. आठ तारांच्या गिटारीवर अंगठ्याने तालवाद्यासारखा आघात करणे हे कौशल्य आहे, पण कोणता स्वर दोन मिनिटे राखून ठेवायचा हे कळणेही कौशल्यच आहे, आणि ते शिकवणारी चित्रफीत निघत नाही. पॉर्क्युपाइन ट्रीचा ढोलवादक गॅव्हिन हॅरिसन याच्या हाताची ताकद ज्यांना ठाऊक आहे त्यांनी २००२ सालच्या ‘इन ॲब्सेन्शिया’तील ‘ट्रेन्स’ हे गाणे केवळ त्याच्यासाठी एकदा ऐकावे. जे येत असूनही त्याने वाजवलेले नाही, ते मोजता येणार नाही. पण गाणे त्याच्या पाठीवर उभे आहे.

जाता जाता अध्यापकांना एक सुचवतो. वर्गात ‘घाट’ आणि ‘आकृतिबंध’ शिकवताना एकदा हा प्रयोग करून पाहावा. अशा संगीताचे एखादे दीर्घ गाणे घ्यावे, त्यातला मधला एक मिनिटाचा तुकडा काढून टाकावा आणि मूळ गाणे ज्यांनी चार-पाचदा ऐकले आहे अशा विद्यार्थ्यांना ते ऐकवावे. कोणी हात वर करून ‘सर, काहीतरी गेले’ असे म्हणाले, तर ते गाणे आहे. कोणीच काही बोलले नाही, तर वादकांच्या बोटांना अवश्य नमस्कार करावा आणि पुढचे गाणे लावावे.